सब्र म्हणजे दुखणं लपवणं नव्हे

अब्बांच्या यकृतातल्या गाठीवर टेस नावाचा उपचार झाला. त्यात जांघेतून बारीक नळी घालतात, गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडतात आणि ती धमनी बंद करतात. नंतर काही दिवस ताप, मळमळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं नेहमीचं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण खराडीला घरी आणून तीन आठवडे झाले तरी दुखणं थांबलं नव्हतं आणि अब्बा ते सांगत नव्हते. विचारलं की एकच उत्तर, "अल्लाचा शुक्र आहे." रात्री बाथरूमचा नळ सोडून ते कण्हत, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग कळलं, की ते मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणून खात होते. यकृत खराब असताना या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड बिघडू शकतं. त्यांची लघवी कमी झाली, पाय सुजले, तेव्हा पुन्हा भरती करावं लागलं. साधं पॅरासिटामॉल चाललं असतं, पण तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या कमी मात्रेत.

सॉफ्टवेअरच्या कामात सर्व्हरकडून काहीच येईनासं झालं, तर तो ठीक आहे असं आम्ही मानत नाही. घरात मात्र मी अब्बांच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवला.

आजारात सोसल्याने गुनाह झडतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण तिचा अर्थ 'औषध मागू नये' असा कोणी लावला? सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजाऱ्याला रोजाची सवलत आहे. जो धर्म आजाऱ्याला उपाशी ठेवत नाही, तो त्याला कळा सोसायला का लावेल?

डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं तेव्हा चाचा म्हणाले, "अफूच ना ती? हराम." नातेवाइकांची ही भीती सगळ्याच समाजांत आहे, आणि कायद्याने ती वाढवली. 1985 च्या एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले. गंमत अशी, की मंदसौर-चित्तोडगडला अफूची सरकारमान्य शेती होते आणि आपल्याकडचा रुग्ण तळमळत राहतो. दुखण्यासाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली मोजून घेतलेलं मॉर्फिन म्हणजे नशा नव्हे. यकृताच्या रुग्णाला ते कमी मात्रेत आणि जास्त अंतराने देतात. सोबत पोट साफ राहण्याचं औषध लागतं, कारण बद्धकोष्ठ झाल्यास अशा रुग्णाला गुंगी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून कर्करुग्णांची मोफत काळजी घेतं. तिथे फक्त शेवटच्या दिवसांतच जायचं असतं, हा गैरसमज आहे. उपचार चालू असतानाही जाता येतं. खराडीहून वारजे म्हणजे शहराचं दुसरं टोक. तरी आम्ही गेलो, आणि आणखी आधी जायला हवं होतं.

आता भिंतीवर एक वही टांगली आहे. सकाळ-संध्याकाळ अब्बा शून्य ते दहांपैकी दुखण्याचा आकडा सांगतात, मी लिहितो. पहिल्या दिवशी बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "आठ." काल चार होता. अम्मीला तिच्या गुडघ्यांचं विचारलं, तर ती अजून शुक्र आहे म्हणते. तिच्यासाठी दुसरी वही आणली आहे.