वडीलमंडळींस इतिहासाचें पुस्तक

पुणें-नाशिक रस्त्यानें मोशी ओलांडून चाकणकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत कुरुळी लागतें. एके काळीं शेताभातांचें असलेलें खेड तालुक्यांतील हें गांव आज कारखान्यांच्या गर्दींत उभें आहे. या कारखान्यांत नोकरीस असलेल्या कित्येक मुलांनीं आपल्या वृद्ध मातापितरांस पुण्याच्या पेठांतून अगर कोंकणांतून आणून या टापूंत बिऱ्हाड थाटलें आहे. अशा घरांतून वाढदिवस, दिवाळी किंवा सहस्रचंद्रदर्शन जवळ आलें कीं एक प्रश्न हटकून निघतो. शाल झाली, चांदीचें भांडें झालें, वडिलांस वाचनाची आवड, तेव्हां इतिहासाचें अगर राजकारणाचें एखादें पुस्तक द्यावें, पण कोणतें?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. राजकारणाच्या पुस्तकाची भेट ही पुष्कळदां भेट नसून उत्तर असतें. रात्रीं पानावर बसल्यावर बापलेकांचा वाद होतो, वडील आपलें मत सोडीत नाहींत, आणि मग चिरंजीव त्या मताचें खंडन करणारा जाडा ग्रंथ रंगीत कागदांत बांधून आणतात. ज्या पुस्तकाचा हेतु घेणाऱ्यास निरुत्तर करणें हा आहे, तें कितीही सुंदर बांधलें तरी नोटीसच होय. उलट, वडिलांच्या आवडत्या पुढाऱ्याचें आणखी एक स्तुतिपर चरित्र आणून देण्यांतही अर्थ नाहीं. कारण ‘तुमची धांव एवढीच’ असें त्यांतून सुचविलें जातें. आमच्या मतें कसोटी एकच : पुस्तक मिटल्यावर वडील आपल्याशीं बोलूं लागतील काय?

या दृष्टीनें विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची आम्हांस नेहमीं आठवण होते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरचें कर्ज फेडावें म्हणून १८५७ सालीं उत्तरेकडे निघाला. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, ही आशा. त्याऐवजीं बंडाच्या वणव्यांत तो सांपडला. १८५८ सालीं झांशीच्या वेढ्याच्या वेळीं तो शहरांतच होता, व तेथें लुटलाही गेला. इतकें होऊन घरीं परततांना त्यानें गंगेची कावड आणिली आणि आईबापांस त्या जलानें स्नान घातलें. द्रव्य मिळवावयास गेलेल्या पुत्रानें घरीं आणिलेली भेट ती ही! इतिहास म्हणजे केवळ राजे व लढाया नव्हेत, तो घरच्या कर्जांतून व आईबापांच्या काळजींतूनही वाहत असतो, हें येथें न सांगतां कळतें. मात्र घेतांना प्रत पाहून घ्यावी. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं काढलेल्या आवृत्तींत भाषेचे फेरफार व कांटछाट आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं सिद्ध केलेली प्रत अधिक विश्वसनीय होय.

दुसरी वाट म्हणजे वडिलांनीं स्वतः पाहिलेल्या काळाचीं पुस्तकें. आज ऐंशीच्या घरांत असलेले गृहस्थ १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां शाळेंत होते, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हांही कळत्या वयाचे होते, आणि १९७५ सालीं आणीबाणी आली तेव्हां संसारी झालेले होते. यशवंतराव चव्हाणांचें ‘कृष्णाकांठ’ हें आत्मवृत्त १९४६ पाशीं थांबतें. पुढील काळ मुलानें वडिलांस विचारावा. १९७५ च्या डिसेंबरांत कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनांत दुर्गाबाई भागवत अध्यक्षा होत्या व यशवंतराव स्वागताध्यक्ष होते. दुर्गाबाईंनीं तेथें आणीबाणीविरुद्ध आवाज उठविला, तेव्हां आपल्या घरीं काय बोलणें झालें? याचें उत्तर कोणत्याही ग्रंथालयांत मिळणार नाहीं.

येथें एका अन्यायाकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. इतिहास वडिलांस व पाककृति अगर स्तोत्रसंग्रह आईस, अशी वांटणी सुशिक्षित घरांतूनही चालते. ज्या स्त्रियांनीं १९७२ नंतर मुंबईंत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध लाटणें हातीं घेऊन मोर्चे काढिले, त्या आज कोणाच्या तरी आई व आजीच आहेत. रेशनची रांग जिनें धरली तिला राजकारण कळत नाहीं, हें म्हणणें धाडसाचें आहे. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या ‘आठवणी’ तिला अवश्य द्याव्या; पण तेवढ्यावर थांबूं नये. काय वाचावयास आवडेल, हें तिलाच विचारावें.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टीही आहेत. अक्षर ठसठशीत असावें. निजून वाचणाऱ्याच्या हातास पेलेल एवढेंच वजन असावें. मराठी रियासतीसारखा अनेक खंडांचा ग्रंथ एकदम न देतां खंडामागून खंड द्यावा. पुढच्याची वाट पाहण्यांत सुख आहे. आणि नव्या जागीं आलेल्या वडिलांस त्या जागेचा इतिहास द्यावा. कुरुळीच्या बिऱ्हाडीं कंटाळलेल्या गृहस्थास कोणी सांगितलें पाहिजे कीं, पलीकडे चाकणच्या किल्ल्यांत फिरंगोजी नरसाळा १६६० सालीं शाइस्तेखानाच्या फौजेशीं सुमारें दोन महिने झुंजला. याच तालुक्यांतील खेड येथें १९०८ सालीं शिवराम हरि राजगुरु जन्मला. आणि रियासतकार सरदेसायांचें उत्तरायुष्य शेजारच्या मावळांत, कामशेतीं गेलें. मग गिरणीचा भोंगा ऐकतांही परकें वाटत नाहीं.

शेवटीं एवढेंच कीं, पुस्तक देणाऱ्यानें तें आधीं स्वतः वाचावें, व दिल्यावर आठ दिवसांनीं सायंकाळीं एक तास मोकळा ठेवावा. पुष्कळ घरीं पुस्तकें पोंचतात, तो तास मात्र पोंचत नाहीं. वडिलांची व आईची स्मृति ही खंडाखंडानें प्रसिद्ध होणारी वस्तु नव्हे. ती एकदां मिटली म्हणजे तिची दुसरी आवृत्ति निघत नाहीं.