बाळापूर्व तयारी

गेल्या रविवारी साताऱ्याला आमच्या घरी ताईचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, शेजारच्या काकूंची गाणी.. सगळं साग्रसंगीत. माझ्याकडे खुर्च्या मांडायचं आणि फोटो काढायचं काम होतं. मामा होणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी जबाबदारी कोणी देत नाही :)

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दाजी गॅलरीत एक दोनशेपानी वही घेऊन बसले होते. सवयीने डोकावलो. पहिल्या पानावर अधोरेखित करून लिहिलं होतं, 'बाळापूर्व तयारी'. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत 'शाळापूर्व तयारी' मेळावा भरतो, त्यावरून केलेला हा खास शिक्षकी विनोद. खाली यादी: दुपटी, झबली, टोपरी, थर्मामीटर, डॉक्टरांचे दोन नंबर, गाडीवाल्याचा नंबर. यादी अर्ध्या पानात संपली. पुढची अकरा पानं मात्र शाळेची होती. पहिलीतल्या प्रत्येक मुलाचं नाव, त्याला काय येतं, काय येत नाही, कोणाला कोणाशेजारी बसवायचं, कोणाची आई ऊसतोडीला जाते.

मी हसत म्हटलं, "दाजी, बाळाला अर्धं पान आणि शाळेला अकरा?"

ते म्हणाले, "अरे, बाळाला आई आहे, मी आहे, दोन आज्या आहेत. पहिलीच्या वर्गाला पंधरा जुलैनंतर कोण आहे?"

तिथून माझी विचारांची गाडी जी सुरू झाली ती परत येताना स्वारगेटला उतरेपर्यंत थांबली नाही. म्हणून हा शनिवारचा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. ताई आणि दाजी दोघंही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. लग्नानंतरची चार वर्षं दोघं दोन टोकांच्या तालुक्यांत होते. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन व्हायला लागल्या तेव्हा २०१७च्या धोरणात 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा एक संवर्ग आला. नवरा-बायकोच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यांना बदलीत प्राधान्य. त्यातून यांना डोंगरातल्या एका वाडीची शाळा मिळाली, दोघांनाही तीच. तिथे दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्या दुसऱ्या कोणी मागितल्याच नव्हत्या. (तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साताऱ्याहून चार तास लागतात एवढं पुरे.) आम्ही सगळ्यांनी तेव्हा पेढे वाटले होते. नवरा-बायको एकाच शाळेत, यापेक्षा सुख ते काय?

शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून ४१ मुलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यामुळे कागदावर सगळं नियमात बसतं. पहिली-दुसरी ताईकडे, तिसरी-चौथी दाजींकडे. मुलांसमोर एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणायची सवय लागली ती आता घरीही सुटत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी "मॅडम, मीठ.." असंच चालतं.

आता गणित बघा. बाळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यायचं आहे. ताईची रजा १५ जुलैपासून. महाराष्ट्रात तिला १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि त्यात कोणी खोडा घालत नाही, हे आधी मान्य करतो. म्हणजे ती परत वर्गात उभी राहील ती जानेवारीत. जूनच्या मध्यात पहिलीत आलेलं पोर आपल्या मॅडमना जेमतेम महिनाभर बघणार, आणि नंतर थेट संक्रांतीला तिळगूळ द्यायला! मधल्या सहा महिन्यांत अक्षर, मग शब्द, मग वाक्य असा जो प्रवास व्हायचा असतो, तो कोण करून घेणार?

उत्तर सोपं आहे. दाजी. एकटे. चार वर्ग, ४१ मुलं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, तालुक्याच्या मीटिंगा.. सगळं. दाजींनी एप्रिलमध्येच बदली शिक्षकासाठी अर्ज केला. त्यावर एका ओळीचं उत्तर आलं, 'पर्यायी व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी.' स्थानिक पातळी म्हणजे कोण? शाळेत दोनच माणसं. एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरा बाळाचा बाप! ज्या दिवशी दाजी रजा टाकतील त्या दिवशी शाळेला कुलूप. आणि कुलूप लागलं की वाडीतल्या पालकांना तोंड द्यायचं तेही दाजींनीच.

आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. टीममधली किती माणसं एकाएकी गायब झाली तर प्रोजेक्ट बसेल, तो आकडा. हा आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. कोणी लांब रजेवर जाणार असेल तर दोन महिने आधी केटी सुरू होते, डॉक्युमेंट लिहिली जातात, शेजारच्या टीममधून एखादा पोरगा उसना आणला जातो. आमच्या टीममधली एक मैत्रीण मागच्या वर्षी २६ आठवड्यांच्या रजेवर गेली तेव्हा तिच्या जागी माणूस आला होता. कंपनी दयाळू वगैरे होती म्हणून नाही, तर क्लायंट ओरडला असता म्हणून. वाडीतल्या पहिलीच्या मुलांना क्लायंटसारखं ओरडता येत नाही, एवढाच काय तो फरक.

इथे माझ्या ऑफिसातलं नेहमीचं वाक्य आठवतं. "शिक्षकांचं बरं असतं यार, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी.." खरं सांगतो, मीही हे म्हणत आलो आहे. लग्नाच्या बाजारात शिक्षिका मुलीला भाव असतो तोही याच हिशोबाने, की पोरंबाळं सांभाळून नोकरी होते. पण बाळ काही मे महिना बघून येत नाही ना!

आता घरातली गोष्ट. डोहाळजेवणाच्या रात्री खरा वाद झाला तो शाळेवरून नाहीच, माहेरावरून. आईने गृहीतच धरलं होतं की ताई जुलैत साताऱ्याला येणार आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत जाणार. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात चर्चा कसली? आईने अळीव आणून ठेवलेत, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतलीत, बाळंतिणीची खोली कुठली तेही ठरलंय. ताई शांतपणे म्हणाली, "आई, मी तिकडेच राहणार आहे."

आई गप्पच झाली. मग म्हणाली, "लोक म्हणतील, आईला जड झालं."

"लोकांचं सोड गं. बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत सरांनी त्याला दर रविवारी पाहुण्यासारखं येऊन बघायचं का?"

मी आधी आईच्या बाजूने होतो, हे कबूल करतो. माहेरची पद्धत मला कधीच मूर्खपणाची वाटली नाही. उलट कोणीतरी फार शहाणपणाने केलेली सोय वाटते. ज्या काळात सासरी बाळंतिणीला चौथ्या दिवशी चुलीपुढे बसवलं असतं, त्या काळात तिला तीन-चार महिने हक्काने झोपायला मिळावं म्हणून काढलेली ती रजाच होती. कुठल्याही जीआरशिवाय.

पण त्या सोयीत बाप धरलेलाच नव्हता. आणि दाजींकडे बघितलं की हे फार विचित्र वाटतं. हा माणूस वर्षानुवर्षं सहा-सहा वर्षांच्या पोरांचं नाक पुसतो, चड्डी ओली झाली तर इतरांना कळू न देता बदलतो, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फळ्यावर लिहितो. आमच्या अख्ख्या खानदानात लहान मुलांचा एवढा अनुभव असलेला दुसरा पुरुष नाही. आणि त्यालाच सगळे सांगत होते, "तुम्हाला काय जमणार, बाळ लहान असतं!"

त्यावर आईने एकच प्रश्न विचारला आणि सगळे गप्प झाले. "बरं, राहा तिकडे. सर सकाळी शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत तुझ्याजवळ कोण?"

कोणी नाही. तालुक्याच्या गावातल्या भाड्याच्या दोन खोल्या, शाळा मोटारसायकलवरून पाऊण तासावर, ऑगस्टचा पाऊस आणि शाळेत एकटा शिक्षक. म्हणजे ताईचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असलं तरी ते चालायचं तर दाजींना रजा हवी, आणि दाजींना रजा हवी तर शाळेला तिसरा माणूस हवा. आपण म्हणतो परंपरा बदलायला हवी. बदलायला निघालेली माणसं समोर बसली होती की! अडलं होतं ते रजेच्या अर्जावर.

सरकारला बाप दिसतच नाही असं मात्र नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, आणि तीही कित्येक वर्षांपासून. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा बदलून १२ आठवड्यांचे २६ आठवडे केले, फार चांगलं झालं, पण त्या बदलात बापासाठी एक दिवसही नव्हता. आपल्या राज्याने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी पूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली, त्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षिकाही आल्या. ती पुरुषालाही मिळते. कधी? पत्नीचं निधन झालं असेल किंवा ती असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे बापाने मूल सांभाळणं ही आपल्याकडे आपत्कालीन व्यवस्था आहे.. लिफ्ट बंद पडली तर वापरायच्या जिन्यासारखी.

आणि समजा उद्या दाजींना १५ दिवसांची पितृत्व रजा मंजूर झाली. घेणार कशी? माझं म्हणणं सगळं इथेच आहे. रजा कागदावर देणं हे अर्धंच काम. त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसवणं हे उरलेलं अर्धं. ते केलं नाही तर रजेचा भार कोणाच्या तरी डोक्यावर जातोच. बहुतेक ठिकाणी सहकाऱ्याच्या, आणि मग शिक्षिका गरोदर आहे म्हटल्यावर सहकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. ताईच्या बाबतीत तो सहकारी तिचा नवराच निघाला, म्हणून हे सगळं इतकं स्पष्ट दिसलं.

"पण एवढे शिक्षक आणायचे कुठून?" असं माझा एक मित्र म्हणाला. रास्त प्रश्न. पण प्रत्येक शाळेला तिसरा शिक्षक द्या असं मी म्हणतच नाही. तालुक्याला पाच-सहा राखीव शिक्षक ठेवा, फक्त लांब रजांसाठी. एक रजा संपली की पुढच्या शाळेत. सर्व्हर पडेल तेव्हा पडेल म्हणून आम्ही वर्षभर बॅकअप चालू ठेवतो. बाळंतपण तर चांगलं सहा महिने आधी तारीख देऊन येतं! इतकी आगाऊ नोटीस देणारी दुसरी अडचण मला तरी माहीत नाही. शिक्षकांच्या बदल्या सॉफ्टवेअरने करणाऱ्या राज्याला, कुठल्या तालुक्यात कुठल्या महिन्यात किती शिक्षिका रजेवर असतील याची यादी काढणं अवघड आहे का? शनिवारी दुपारी बसलो तर मी करून देईन.

असो. पुढे काय ठरलं ते सांगतो. त्या रात्री बराच वेळ कोणी बोललं नाही. खोलीत फक्त दोन कात्र्यांचा आवाज. आई साडीचे तुकडे कापत होती आणि ताई पुठ्ठ्याची शब्दकार्डं. सहा महिन्यांची कार्डं ती आत्ताच करून ठेवते आहे, आठवड्याप्रमाणे पिशव्या भरून. शेवटी बाबा आईला म्हणाले, "तूच जा तिकडे. मी खाईन डबा." आईला जावयाच्या घरी दीड-दोन महिने राहायचं म्हणजे जिवावर आलंय, पण जाणार आहे. दीड महिन्यानंतर काय, याचं उत्तर त्या वहीत अजून नाही. दाजींनी दुसरा अर्ज लिहिलाय, या वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्या घेऊन. वाडीतल्या लोकांनी एका दिवसात सह्या दिल्या.

परवा चौथीतल्या एका मुलीने ताईला विचारलं म्हणे, "मॅडम, बाळ आपल्या शाळेत येणार का?" ताईला काय बोलावं सुचलं नाही. मला वाटतं, येईलही. झोळीत घालून, फळ्याशेजारी..

मी सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या ऑगस्टमधल्या पाच दिवसांच्या रजेचा मेल टाकला. कारण: बहिणीचं बाळंतपण. मॅनेजरचं उत्तर चार मिनिटांत आलं, 'अप्रूव्हड, काँग्रॅट्स मामा!' छान वाटलं. मग आठवलं, की बाळाच्या बापाचा एप्रिलचा अर्ज एका ओळीत परत आलाय आणि दुसरा अजून कुठल्या तरी टेबलावर पडून आहे.