पऱ्हाट्या आणि मण्यार

मैत्रिणींनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे नागाची भीती फार. डूख धरतो म्हणे! अहो, सापाला एवढी आठवण कुठली? पावसाळ्यात खरं भ्यावं ते मण्यारीला. काळी, अंगावर पांढरे आडवे पट्टे, दिवसा अगदी सुस्त. रात्री मात्र उंदीर, पाली शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात बारीक; ना सूज, ना आग. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, आणि आपण ओवा देत बसतो! तसं करू नका, तडक मोठा सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशाची लस तिथे टोचतात. चुलीसाठीच्या पऱ्हाट्या भिंतीला टेकवून रचू नका, उंदीर तिथेच घर करतात. खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचा.