सेवेचा उत्साह आणि सावधतेचे चातुर्य

१९ जुलै २००७ रोजी काबूलहून कंदाहारकडे निघालेली बस गझनी प्रांतात तालिबानने अडवली. बसमध्ये दक्षिण कोरियातील एका प्रोटेस्टंट चर्चचे, अल्प मुदतीच्या सेवेसाठी आलेले २३ स्वयंसेवक होते. त्यांच्या सरकारने या प्रवासाविरुद्ध आधीच इशारा दिला होता. दोघांची हत्या झाली; उरलेले २१ जण ३० ऑगस्टपर्यंत सुटले. सुटकेसाठी कोरियाला अफगाणिस्तानातील मिशनकार्य थांबविण्याचे मान्य करावे लागले. एका गटाच्या घाईची किंमत अशी इतर सेवकांनीही मोजली.

परदेशी सेवेस निघणाऱ्या आपल्या तरुणांनी प्रथम स्थानिक ख्रिस्तसभेचा सल्ला घ्यावा, भारतीय दूतावासास प्रवासाची माहिती द्यावी आणि 'सध्या येऊ नका' हे उत्तरही नम्रतेने स्वीकारावे. प्रभूने शिष्यांना पाठविताना निष्कपटपणाबरोबर चातुर्यही मागितले होते, याचा विसर पडू नये.