मोनॅकोचा द्यूतनिर्बंध

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे मोनॅको हे संस्थान अवघे दोन चौरस किलोमीटरांचे. १८६१ मध्ये मांतों व रोकब्रून ही गावे फ्रान्सकडे जाऊन बहुतेक मुलूख गेला. तेव्हा संस्थानिक तिसरे शार्ल यांनी १८६३ मध्ये द्यूतगृहाचा मक्ता फ्रांस्वा ब्लां यांस दिला, व १८६९ मध्ये प्रजेचे प्रत्यक्ष करही माफ केले. परंतु मोनॅकोच्या नागरिकांनी तेथे नोकरी करावी, डाव मात्र लावू नये, असा निर्बंध आहे. आज संस्थानाचे मुख्य उत्पन्न मूल्यवर्धित कराचे. तरी हा निर्बंध कायमच आहे. आपल्या लेकरांस जे वर्ज्य, तेच पाहुण्यांच्या पानात वाढावयाचे, यास आम्ही राजनीती म्हणू. धर्म म्हणवत नाही. द्यूताविषयी राज्यकर्त्यांचे खरे मत काय, ते सुज्ञ वाचकांनी या एका निर्बंधात पाहावे.