कॅश सर्व्हरची सुरक्षा: दार कोणासाठी उघडे?

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे मुख्यालय असलेल्या सिटी युनियन बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये एक धक्कादायक माहिती जाहीर केली. ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून तीन बनावट व्यवहार करून सुमारे २० लाख डॉलर दुबई, तुर्कस्तान आणि चीनमधील खात्यांकडे वळविण्यात आले होते. दुबईकडे निघालेली रक्कम वेळीच अडविण्यात आली. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेवरील हल्ल्याने, जिल्ह्याच्या गावातील संस्थाही जागतिक हल्लेखोरांच्या टप्प्यात आहे, हे स्पष्ट झाले.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला ‘गिटहब’ हे संकेतस्थळ काही मिनिटे बंद पडले. त्यावर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका माहितीचा लोंढा सोडण्यात आला होता. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही आणि त्यांचे तंत्रही भिन्न होते. मात्र अंतर्गत वापराच्या यंत्रणेपर्यंत कोणाला पोहोचू द्यावे, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे.

गिटहबवरील हल्ल्यात ‘मेमकॅश्ड’ या कॅश सर्व्हरचा वापर झाला. वारंवार लागणारी माहिती स्मृतीत ठेवून ती तत्काळ पुरविणे, एवढेच त्याचे काम. तो संस्थेच्या खासगी जाळ्यातच राहील, हे गृहीत धरलेले असल्याने त्याला सहसा परवलीचा शब्द नसतो. परंतु असे हजारो सर्व्हर इंटरनेटवर उघडे होते. हल्लेखोर त्यांच्याकडे लहानशी विनंती पाठवितो आणि प्रेषक म्हणून सावजाचा पत्ता देतो. उत्तर त्या पत्त्यावर जाते आणि ते विनंतीच्या ५० हजार पटींहूनही मोठे असू शकते.

उपाय मात्र साधा आहे. क्लाउडवरील फायरवॉलमध्ये मेमकॅश्डचे ११२११ आणि ‘रेडिस’चे ६३७९ हे पोर्ट सर्व पत्त्यांना बंद करून केवळ आपल्या ॲप्लिकेशन सर्व्हरला खुले ठेवणे, एवढाच तो नियम. तरीही चाचणीपुरता दिलेला प्रवेश पुढे तसाच राहून जातो. यामागे एक आर्थिक कारणही आहे: मेमकॅश्डच्या बाबतीत निष्काळजीपणा एकाचा असतो आणि नुकसान तिसऱ्याचे होते.

रेडिसची गोष्ट वेगळी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात तेरा वर्षे दडून राहिलेला एक गंभीर दोष उघडकीस आला. त्या वेळी सुमारे ३ लाख ३० हजार रेडिस सर्व्हर इंटरनेटवरून दिसत होते आणि त्यांपैकी सुमारे ६० हजारांना परवलीचा शब्दच नव्हता, असे ‘विझ’ या सुरक्षा कंपनीने म्हटले होते. येथे धोका थेट मालकाला आणि त्याच्या ग्राहकांच्या माहितीला आहे.

भारतात ‘सर्ट-इन’च्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र घटना कळविणे आणि दंड भरणे, या दोन्ही गोष्टी घटनेनंतरच्या आहेत. मेमकॅश्डच्या निर्मात्यांनी २०१८ मध्येच या हल्ल्यासाठी वापरला जाणारा मार्ग मूळ मांडणीतच बंद केला. क्लाउड सेवा भाड्याने घेणाऱ्या सहकारी बँका, पतसंस्था आणि महाविद्यालये यांनीही तोच क्रम पाळणे हिताचे ठरेल: आधी सर्व दारे बंद, मग गरजेपुरते एक उघडे.