बचावपटूची किंमत

राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या पाठीवर छेत्रीचा ११ नंबर असतो. माझा आवडता खेळाडू मात्र मुंबईचा बचावपटू राहुल भेके. २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध ११७ व्या मिनिटाला त्यानेच हेडर मारून बेंगळुरू एफसीला विजेतेपद मिळवून दिले. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत गेला. व्यवस्थापनाने त्याला काहीही करून थांबवायला हवे होते. २०२४ मध्ये मुंबईने त्याच्याच नेतृत्वाखाली चषक जिंकला; आपण बारा संघांत दहावे! मग त्याला परत आणले, हे बरे झाले. गोल करणाऱ्याचे पोस्टर लागते, अडवणाऱ्याचे लागत नाही. रात्री पहारा देणाऱ्या कॅडेटला हे वेगळे सांगायला नको. क्लबने आधी बचावपटू सांभाळावेत.